नंदीला न उठवता

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरचा गोंगाट मागे टाकून पाताळेश्वर लेण्याच्या आवारात शिरलं की नंदीमंडप दिसतो. आठव्या शतकातला, काळ्या पाषाणात कोरलेला आणि चक्क गोल. छत छत्रीसारखं. त्याचा व्यास काढायचा तर टेप आरपार ताणावा लागेल. पण मधे खांब आणि खांबांच्या आत नंदी. भोवतीनं फेरी मात्र कुणालाही मारता येते.

तेवढी फेरी पुरते. समजा 44 पावलं झाली. 44 ला 7 ने गुणून 22 ने भागा: तुम्ही चाललात त्या वर्तुळाचा व्यास 14 पावलं. नंदी जागचा हलला नाही.

हे 22 आणि 7 कुठून आले? ताट घ्या, डबा घ्या, सायकलचं चाक घ्या. काठावरून दोरा फिरवला तर तो व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्तच भरतो: व्यास 7 असेल तर जवळपास 22. या ‘थोडा’नं माणसाला फार छळलंय. इ.स. 499 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी आर्यभटानं सांगितलं की व्यास 20000 असेल तर परिघ 62832. म्हणजे 3.1416. एक किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात 22/7 वापरून परिघ सव्वा मीटरनं चुकतो, तर आर्यभटाच्या आकड्यानं जेमतेम सात मिलिमीटरनं. तरीही त्यानं शब्द वापरला ‘आसन्न’, म्हणजे जवळचा. मला आकड्यापेक्षा या शब्दाचं अप्रूप जास्त वाटतं. परिघ भागिले व्यास म्हणजे पाय; कुठलाच अपूर्णांक या संख्येला तंतोतंत गाठू शकत नाही, हे गणितज्ञ लँबर्टनं सिद्ध केलं ते 1761 साली.

क्षेत्रफळासाठी शाळेत आपण ‘पाय आर वर्ग’ घोकलं. आर्यभटाचा नियम पायचं नावही घेत नाही: निम्मा परिघ गुणिले निम्मा व्यास. का, ते हातानं करून बघा. भाकरी तुटते, पोळी दुमडते, तेव्हा कागदाची चकती बरी. केंद्रातून कापून तिच्या 16 फाका करा आणि एक सुलटी, एक उलटी अशा शेजारी शेजारी लावा. कडा जरा लाटांसारख्या दिसतील. 32 केल्यात तर लाटा निवतात. फाका जितक्या बारीक, तितका आकार आयताच्या जवळ जातो. निम्म्या फाकांचे काठ वर, निम्म्यांचे खाली, म्हणून लांबी निम्मा परिघ. उंची एका फाकेएवढी, म्हणजे त्रिज्या. आपल्या फेरीच्या आतली जागा मग 22 गुणिले 7, म्हणजे 154 चौरस पावलं.

आता पुण्यातला एखादा जुना वड घ्या. आरपार मोजायची सोय तिथंही नाही. पण वटपौर्णिमेला बायका त्याला सात फेरे घेऊन दोरा गुंडाळतात. बुंधा बऱ्यापैकी गोल असेल, तर त्या सात फेऱ्यांच्या दोऱ्याचे 22 सारखे भाग करा. एक भाग म्हणजे वडाचा व्यास.