फणसोंबा ते रेशी: उगाळायचं, उकळायचं की गिळायचं?

ठाण्यात अळंबी म्हटलं की पावसाळ्यात शहापूर-मुरबाडकडून विकायला येणारी रानभाजी आठवते. ती वारुळावर उगवते, मऊ असते, शिजवून खातात. औषधी म्हणून नाव असलेली अळंबी वेगळी. ती झाडाच्या बुंध्याला फळीसारखी चिकटते आणि लाकडाइतकी टणक असते. ती भाजीसारखी खायची नसतेच.

आपल्याकडची अशी जुनी अळंबी म्हणजे फणसोंबा, फणसाच्या खोडावर वाढणारी फेलिनस गटातली बुरशी. वरून काळपट, भेगाळलेली, मोडली की आत गंजाच्या रंगाची. लहान मुलांची लाळ फार गळत असेल तर पश्चिम महाराष्ट्रात ती पाण्यात उगाळून हिरड्यांना लावत, जुलाबावर पोटातही देत. पुण्याचे कवकशास्त्रज्ञ जे. जी. वैद्य आणि ए. एस. रब्बा यांनी 1993 मध्ये अशा लोकवापराची नोंद केली. बाळगुटीच्या जिनसांसारखंच इथेही उगाळणं असल्यामुळे पोटात जाणारा अंश नखभर. अर्थात दात येताना लाळ गळणं हा आजार नव्हे, आणि बुरसलेला तुकडा बाळाच्या तोंडात घालणं धोक्याचंच.

रेशी या दुसऱ्या औषधी अळंबीचा प्रवास दुसरीकडून झाला. चीनमध्ये तिला लिंगझी म्हणतात. ‘शेननोंग बेनत्साओ’ या प्राचीन औषधिग्रंथात तिचे रंगांवरून सहा प्रकार सांगितले आहेत. इंग्लंडमध्ये विल्यम कर्टिसने 1781 मध्ये एका चकचकीत अळंबीचं वर्णन केलं, 1881 मध्ये कार्स्टनने तिच्यासाठी गॅनोडर्मा ही प्रजाती मांडली, आणि तिचं गॅनोडर्मा ल्युसिडम हे नाव पुढे चिनी अळंबीलाही चिकटलं. दोन्ही वेगळ्या आहेत हे ठरून चिनी जातीला ‘गॅनोडर्मा लिंगझी’ हे नाव मिळायला 2012 उजाडलं. डब्यांवर मात्र अजून जुनंच नाव दिसतं.

जंगलात क्वचित मिळणारी ही वस्तू 1970 च्या दशकात जपानने लाकडाच्या भुशावर पिकवायला घेतली आणि तिची बाजारपेठ झाली. आपल्याकडे ती साखळी-विक्रीच्या कॉफीतून आणि कॅप्सूलमधून पोचली. तिथेच मूळ कृती सुटली. चिनी पद्धतीत दिवसाला 6 ते 12 ग्रॅम सुके काप मंद आचेवर बराच वेळ उकळतात, कारण पेशींच्या भिंतीतलं कायटिन आपल्याला नीट पचत नाही. औषधी मानले जाणारे घटक दोन: त्यातले बीटा-ग्लुकन गरम पाण्यात उतरतात. कडू ट्रायटर्पिन मात्र पाण्यात कमीच, अल्कोहोलमध्ये चांगले विरघळतात. नुसती दळलेली भुकटी कॅप्सूलमध्ये भरली की यातलं काहीच घडत नाही. अर्क अजिबात कडू लागत नसेल तर शंका घ्यावी. धान्यावर वाढवलेलं कवकजाल, म्हणजे बुरशीच्या धाग्यांचं जाळं, दळून विकलंय का हे पाहायचं तर भुकटी पाण्यात उकळून, गार करून आयोडीनचे थेंब टाकावेत. गर्द निळा रंग आला तर त्यात पीठ आहे.

गुण किती? कर्करोगाच्या उपचारात जोड म्हणून वापरलेल्या रेशीचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला, पण मूळ उपचाराऐवजी ती द्यावी असा पुरावा मिळाला नाही. टाइप-2 मधुमेहातही रक्तशर्करेवर फायदा सिद्ध झाला नाही. भुकटी घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर रेशी घेत असल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं.

आपल्या रस्त्यांवरही गॅनोडर्मा दिसतो: गुलमोहराच्या बुडाशी, वरून रोगण लावल्यासारखा तांबूस, खाली पांढरा, बोट दाबलं की तपकिरी. तो औषधासाठी काढू नये. जात नक्की ठरत नाही, आणि घोडबंदरसारख्या वर्दळीच्या रस्त्याकडेची अळंबी जड धातू शोषते. ठाण्याचं येऊरचं जंगल तर राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथून काही तोडून आणणं बेकायदा. मात्र सोसायटीतल्या झाडाच्या बुंध्याशी अशी फळी दिसली तर पावसाळ्याआधी पालिकेच्या वृक्ष विभागाला कळवावं. आतलं लाकूड आणि मुळं कुजायला लागलेली असतात, आणि वरून हिरवंगार दिसणारं झाड जोरदार वाऱ्यात मुळासकट कोसळू शकतं.