मीटर रूमच्या भिंतीलगत झोपायची जागा आहे का?

घरातलं चुंबकीय क्षेत्र मोजायला आम्ही जातो त्या बहुतेक घरांत पहिला प्रश्न हाच असतो: "पलीकडे सोसायटीची मीटर रूम आहे, बाळाचा पाळणा इथे ठेवला तर चालेल ना?" प्रश्न रास्त आहे.

आपली वीज 50 हर्ट्झची. तारेतून प्रवाह गेला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते विटांच्या भिंतीने अडत नाही. मात्र एक्स-रेसारखी डीएनए तोडण्याची ताकद त्यात नसते. ते शरीरात अगदी क्षीण विद्युतप्रवाह उमटवतं. मज्जातंतूंच्या पेशीच्या आवरणाच्या आत-बाहेर मुळातच सुमारे 70 मिलिव्होल्टचा फरक असतो. घरगुती क्षेत्राची भर त्यापुढे नगण्य. क्षेत्र हजारो पटींनी वाढलं तरच मज्जातंतू उत्तेजित होतात, डोळ्यांपुढे ठिपके चमकतात. तशी वेळ येऊ नये म्हणून आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने 2010 मध्ये सामान्य नागरिकांसाठी 200 मायक्रोटेस्लाची (मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) मर्यादा सुचवली.

तरीही आम्ही पालकांपासून एक गोष्ट लपवत नाही. जिथे क्षेत्राची सरासरी 0.3-0.4 मायक्रोटेस्लाच्या वर होती, अशा घरांतल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण काहीसं जास्त दिसलं. त्यामुळे 2002 मध्ये आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे क्षेत्र 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं. पण आजाराचं कारण हे क्षेत्रच आहे, असं सिद्ध झालेलं नाही. पेशीत तसं नेमकं काय घडावं, तेही सापडलेलं नाही.

पाळणा चार-पाच फूट सरकवा. अंतर वाढलं की क्षेत्र झपाट्याने उतरतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. 'रेडिएशन शोषणारे' स्टिकर घेऊ नका. अॅल्युमिनियमच्या फॉइलनेही हे क्षेत्र थांबत नाही.

गिरगावातल्या एका जुन्या घरी मीटर रूम लांब होती, तरी हॉलभर आकडा चढलेला. बोर्ड उघडला तर फेज (प्रवाह आणणारी तार) एका सर्किटची, न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी) दुसऱ्याची. दोन्ही तारा शेजारून गेल्या तर त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ मारतात. वेगळ्या वाटेने गेल्या की अख्खी खोली वेटोळ्यात सापडते. वायरमनने न्यूट्रल जागेवर लावली आणि आकडा तिथल्या तिथे खाली आला. असा दोष तर शॉकच्या भीतीनेच आधी काढावा: एमसीबी (बोर्डावरचा सर्किट तोडणारा स्विच) पाडला तरी ती न्यूट्रल जिवंत राहू शकते.

क्षेत्र प्रवाहावर अवलंबून असतं, म्हणून मोजणीला आम्ही रात्री आठनंतर येतो. एसी, गिझर, पंखे नेहमीसारखे चालू ठेवा आणि पलंग, पाळणा रोजच्याच जागी असू द्या.