कमी चाललेली गाडी एमओटीत का अडकते?

ब्रिटनमध्ये सेकंडहँड छोट्या गाडीची जाहिरात उघडली की तीन गोष्टी हमखास दिसतात: एकच मालक, फक्त २८ हजार मैल आणि पूर्ण बारा महिने एमओटी (तिथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी). स्लाऊला किंवा मँचेस्टरला नोकरीसाठी नुकत्याच आलेल्या मराठी कुटुंबाला हे वाचून हायसं वाटतं. आपल्याकडेही 'डॉक्टरांची गाडी आहे हो, फारशी चाललेलीच नाही' एवढ्यावर जुन्या गाडीचे सौदे होतात. दहा वर्षांत २८ हजार मैल म्हणजे जेमतेम ४५ हजार किलोमीटर. तरीही पुढच्या वर्षी हीच गाडी तपासणीत नापास होते, आणि नापासाच्या कागदावर इंजिनाचा उल्लेखही नसतो. त्यावर असतात मागचे ब्रेक, तुटलेली स्प्रिंग, गंजलेली ब्रेकची नळी.

यात आश्चर्य काहीच नाही. गाडी दोन प्रकारे म्हातारी होते. टायर, क्लच, पुढचे ब्रेक पॅड हे किलोमीटरनं झिजतात. लोखंड, रबर आणि ब्रेक ऑइल हे कॅलेंडरनं खराब होतात, गाडी दारात उभी असली तरी. मीटर फक्त पहिला हिशोब ठेवतो. दुसरा हिशोब एमओटी मांडते.

ही तपासणी १९६० साली सुरू झाली, तेव्हा ती फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना होती. १९६७ पासून गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी करावी लागते (उत्तर आयर्लंडमध्ये चार वर्षांनी). आपल्याकडे खासगी गाडीचं पासिंग थेट पंधराव्या वर्षी येतं, आणि आठ वर्षांपुढच्या टॅक्सीला मात्र दरवर्षी. आपली पीयूसी म्हणजे अशी तपासणी नव्हे. ती फक्त धूर मोजते, ब्रेककडे बघतही नाही. उलट एमओटीत इंजिनाची ताकद, क्लच, गिअरबॉक्स यांची तपासणी नसते. म्हणजे 'एमओटी पास' याचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी, त्या तासाला, ठरलेल्या यादीतल्या गोष्टी किमान पातळीच्या वर होत्या. पुढच्या बारा महिन्यांची ती हमी नाही.

पहिल्याच फेरीत साधारण तीन-चार गाड्यांमागे एक नापास होते. बरीच कारणं किरकोळ असतात: नंबरप्लेटचा दिवा गेलेला, वायपरचं रबर फाटलेलं, टायर गोटा झालेला. टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात, संपूर्ण परिघावर, नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. ड्रायव्हरच्या थेट समोरच्या पट्ट्यात काचेवर १० मिलिमीटरपेक्षा मोठा टवका चालत नाही. २०१२ पासूनच्या गाड्यांमध्ये टायरची हवा मोजणाऱ्या यंत्रणेत बिघाड असल्याचा इशारादिवा पेटलेला असला तरी नापास. हे सगळं तपासणीच्या आदल्या संध्याकाळी अंगणातच बघून घेता येतं. खरा मामला ब्रेकचा आहे.

ब्रेक तपासायला गाडी रस्त्यावर पळवत नाहीत. एका अक्षाची दोन्ही चाकं जमिनीत बसवलेल्या रोलरांवर चढवतात. प्रत्येक चाकाखाली खरखरीत पृष्ठभागाचे दोन रोलर असतात, आणि विजेची मोटर ते माणसाच्या चालण्याच्या वेगानं फिरवते. तपासनीस पेडल हळूहळू दाबतो. चाक रोलरला अडवू लागतं, मोटरला जास्त जोर लावावा लागतो आणि तो जोर काट्यावर किलोत दिसतो. डाव्या चाकाचा काटा वेगळा, उजव्याचा वेगळा. पेडल दाबण्याआधीच काटा वर असेल तर ब्रेक चिकटलेला आहे. पेडल स्थिर असताना काटा लयीत वरखाली होत असेल तर डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिला ब्रेक पॅड आवळतात) वाकडी आहे किंवा ड्रम लंबगोल झाला आहे. पेडल सोडल्यावर एक काटा रेंगाळत खाली आला तर तिथलं पिस्टन किंवा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) अडकतंय.

आता आकडे बघू. चारही चाकांच्या जोराची बेरीज भागिले गाडीचं वजन, ही ब्रेकची कार्यक्षमता. १ सप्टेंबर २०१० पासून रस्त्यावर आलेल्या कारला ती किमान ५८ टक्के लागते, त्याआधीच्या कारला ५० टक्के. हँडब्रेकला १६ टक्के पुरतात. ५८ टक्के म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या ०.५८ पट मंदन, सेकंदाला सुमारे ५.७ मीटर प्रतिसेकंद. ताशी ३० मैलांवरून (४८ किलोमीटर) गाडी थांबायला या हिशोबानं १५.८ मीटर लागतात. ५० टक्क्यांना लागतात १८.३. हा अडीच मीटरचा फरक म्हणजे झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे थांबणं आणि क्रॉसिंगवर थांबणं.

दुसरा नियम समतोलाचा. एकाच अक्षावर एका चाकाचा जोर दुसऱ्याच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर गाडी नापास. पुढच्या चाकांत, म्हणजे वळणाऱ्या चाकांत, तो ५० टक्क्यांच्याही खाली गेला तर शेरा 'धोकादायक' असा पडतो. उदाहरणासाठी १००० किलोची एक गाडी घेऊ. पुढचे काटे २१० आणि २००, मागचे ९० आणि ८५. बेरीज ५८५, म्हणजे ५८.५ टक्के. पास, पण काठावर. आता मागचं उजवं कॅलिपर जरा अडकलं आणि तिथला जोर ८५ वरून ६० वर आला. बेरीज ५६०, म्हणजे ५६ टक्के: नापास. शिवाय ६० हे ९० च्या ६७ टक्केच होतात, म्हणजे समतोलातही नापास. २००९ ची गाडी असती तर पहिल्या नियमातून सुटली असती, दुसऱ्यातून नाही. एका चाकाचा पंचवीस किलोंचा फरक, पण ड्रायव्हरला तो पायाखाली जाणवतही नाही.

नेमकी मागचीच चाकं का? ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं. किती, ते शाळेच्या गणितानं काढता येतं: वजन गुणिले मंदन (गुरुत्वाच्या पटीत) गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले दोन अक्षांतलं अंतर. १००० × ०.५८ × ०.५ ÷ २.४५, म्हणजे सुमारे ११८ किलो. छोट्या हॅचबॅकचं इंजिन आधीच पुढे असतं, त्यामुळे उभ्या गाडीचं वजन पुढे ६०० आणि मागे ४०० असं धरलं तर जोरात ब्रेक मारताना ते ७१८ आणि २८२ होतं. मागची चाकं घसरू नयेत म्हणून कंपनी त्यांना मुद्दाम कमी दाब देते. सिग्नलला हळूच थांबणाऱ्या, आठवड्यातून दोनदा बाजारात जाणाऱ्या गाडीचे मागचे पॅड डिस्कला जेमतेम शिवतात. पुढची डिस्क दर थांब्याला घासून चकचकीत होते. मागचीला गंज धरतो आणि तो पुसायला कोणी येत नाही.

आता गंज. ब्रेकची डिस्क बिडाची असते. बीड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन मिळून एक लहानशी विद्युतघटच तयार होते. एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, दुसऱ्या जागी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. या दोन जागांमध्ये आयन वाहून नेणारं द्रावण जितकं चांगलं तितका गंज वेगानं चढतो, आणि मिठाचं पाणी फार चांगलं द्रावण आहे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ जमू नये म्हणून रस्त्यांवर खाणीतलं मीठ टाकतात, थंडीच्या साध्या रात्रीसुद्धा चौरस मीटरला साधारण १० ग्रॅम. पाऊस नसला तरी हे मीठ शांत बसत नाही. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. ब्रिटिश हिवाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते, म्हणजे लोखंड महिनोन्‌महिने ओलं राहतं. कोकणपट्टीत किंवा गोव्यात समुद्राकाठी गाडी ठेवणाऱ्यांनी हाच प्रकार दारांच्या कडांवर पाहिलेला असतो.

फटीत तर गंज आणखी वाढतो. पॅड जिथे डिस्कला टेकलेला असतो त्या पटलाखाली ऑक्सिजन कमी पोचतो, बाहेर मुबलक असतो. ऑक्सिजनच्या या तफावतीमुळे कमी ऑक्सिजनची जागा विरघळणारी बाजू बनते. म्हणून पंधरा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो. हेच पॅडच्या कानांजवळ घडतं. पॅडच्या दोन टोकांना कानासारखे भाग असतात, ते लोखंडी चौकटीच्या खाचेत सरकतात, आणि खाचेत स्टीलची पातळ पट्टी असते. त्या पट्टीमागे गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटी-तिपटीनं जास्त जागा लागते, त्यामुळे पट्टी बाहेर ढकलली जाते आणि काही दशांश मिलिमीटरची मोकळीक संपते. पॅड खाचेत आवळला जातो. पेडल दाबलं तरी पुढे सरकत नाही, किंवा सरकला तर परत येत नाही. पहिल्यात जोर कमी पडतो, दुसऱ्यात ब्रेक चिकटतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतं त्यांच्यावरचं रबर फाटलं की त्याही अशाच जाम होतात.

उपाय स्वस्त आहे. मीठ टाकणं थांबलं की, साधारण एप्रिलमध्ये, चाक काढून पॅड बाहेर घ्यायचे. स्टीलची पट्टी काढून तिच्यामागची खाच तारेच्या ब्रशनं लोखंड दिसेपर्यंत साफ करायची आणि पट्टी पुन्हा बसवायची. पॅडचे कान खाचेत बोटानं ढकलून सरकले पाहिजेत. हातोडी लागत असेल तर साफसफाई पुरी झालेली नाही. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकोन ग्रीसच लावायचं. नेहमीच्या खनिज तेलाच्या ग्रीसनं त्यांचं रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. डिस्कवर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, तिच्याशी मापून बघायचं. मागे ड्रम ब्रेक असतील तर व्हील सिलिंडरच्या रबरामागे ओल आहे का, आणि आपोआप लायनर जवळ आणणारी दातेरी चकती फिरते का, एवढं पाहायचं.

गाडीला लिंबू-मिरची बांधून, नारळ फोडून ताबा घेणाऱ्यांच्या भावना मला समजतात, पण लिंबाखालच्या खाचेतला गंज त्यानं थांबत नाही. आणि 'ही बाटली टाकीत ओता, एमओटी पास' असं छापणाऱ्यांकडूनही सावध राहा. अलीकडच्या पेट्रोल गाडीच्या धुराला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा इंजिनाच्या वाढवलेल्या फेऱ्यांवर ०.२ टक्के आणि मंद फेऱ्यांवर ०.३ टक्के असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापला नाही तर चांगली गाडीही तिथे अडखळते. त्याला काम करायला साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस लागतात. दोन मैलांवरच्या गॅरेजला थेट जाण्याऐवजी तपासणीआधी वीस मिनिटं मोटारवेवरून गाडी चालवून आणली, तर बाटलीपेक्षा जास्त उपयोग होतो.

स्प्रिंग आणि नळीचीही हकिगत गंजाचीच आहे, थोडक्यात सांगतो. स्प्रिंगचा खालचा वेढा जिथे वाटीत बसतो तिथे खडी आणि मीठ साचतं. रंग उडतो, खड्डा पडतो, आणि दर गतिरोधकाला तिथला ताण वाढत जाऊन एक दिवस टोक तुटतं. तुकडा वाटीतच राहिल्यामुळे आवाजही येईलच असं नाही. ब्रेकची पोलादी नळी गंजून तिच्या भिंतीची जाडी एक-तृतीयांशानं, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटरनं, कमी झाली की नापास. बदलताना तांबे-निकेलची नळी घालून घ्या. ती गंजत नाही.

म्हणून सेकंडहँड गाडी घेताना मैलांपेक्षा तिचा इतिहास वाचा. गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर तिच्या सगळ्या जुन्या एमओटी फुकट दिसतात: मैलांची नोंद, नापासाची कारणं आणि 'सूचना'. सूचना म्हणजे आज पास, पण लक्ष ठेवा. सलग तीन वर्षं 'मागची डिस्क गंजलेली' किंवा 'ब्रेकची नळी किंचित गंजलेली' ही एकच ओळ येत असेल, तर मालकानं दरवर्षी फक्त पासचा कागद घेतला आणि काम केलंच नाही. उलट एखाद्या वर्षी चार कारणांनी नापास, चार दिवसांत दुरुस्त आणि पुढची दोन वर्षं स्वच्छ, अशी गाडी बेधडक बघायला जावी. दोन तपासण्यांमध्ये एका वर्षात हजार मैलांहून कमी फरक असेल तर मागचे ब्रेक आधी तपासा.

बघायला गेलात की वीस मिनिटं चालवून, मध्ये आठ-दहा वेळा बऱ्यापैकी ब्रेक मारून गाडी थांबवा आणि चारही चाकांच्या आऱ्यांमधून डिस्कचं तापमान घ्या. बाजारात मिळणारा साधा इन्फ्रारेड तापमापक पुरतो, हात लावायचा नाही. पुढची जोडी मागच्यापेक्षा गरम असणारच. पण एकाच अक्षावर डावीकडे ९० अंश आणि उजवीकडे ४५ असेल, तर गार चाक ब्रेक मारत नाही किंवा गरम चाक सोडत नाही. कोणतं ते ठरवायला जॅक लावा आणि पेडल मोकळं ठेवून गरम चाक हातानं फिरवा. सहज फिरत असेल तर दोष गार बाजूचा.