जठराचे विद्युत् उद्दीपन : रुग्णांमधील प्रादेशिक भेद

जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावलेल्या (जठरमांद्य, गॅस्ट्रोपॅरेसिस) आणि औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांच्या जठरस्नायूत दोन विद्युत् अग्रे (इलेक्ट्रोड) बसवून, पोटाच्या त्वचेखालील बॅटरीयंत्राने सौम्य स्पंद देण्याची उपचारपद्धती. मराठीतील ‘अग्निमांद्य’ हा जुना शब्द भूक आणि पचन या दोहोंच्या मंदपणाला लागतो. त्याचा अर्थ पुष्कळ व्यापक असल्याने तो येथे टाळला आहे.

जठराची विद्युत्क्रिया मानवात प्रथम नोंदवण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकन वैद्य वॉल्टर अल्वारेझ यांना (१९२२) दिले जाते. निरोगी जठरात मिनिटाला सुमारे ३ मंद लहरी उमटतात. मधुमेहींच्या शिथिल जठराला कॅसँडर या वैद्यांनी १९५८ मध्ये स्वतंत्र नाव दिले. शस्त्रक्रियेनंतर थांबलेल्या आतड्यांना विजेने चालना देण्याचा प्रयोग १९६३ मधला, तर कुत्र्यांच्या जठराला बाहेरून लय देण्याचे काम १९७२ च्या सुमाराचे. या प्रयोगांतून दोन वेगळ्या पद्धती निघाल्या. पहिलीत लांब स्पंद देऊन जठराची लय ताब्यात घेतली जाते. दुसरीत, म्हणजे आज प्रचारात असलेल्या पद्धतीत, ३३० मायक्रोसेकंदांचे, सुमारे ५ मिलिअँपिअरचे स्पंद १४ हर्ट्झने ०.१ सेकंद देऊन ५ सेकंद विश्रांती दिली जाते. मिनिटाला अशा सुमारे १२ जोड्या, म्हणजे नैसर्गिक लयीच्या चौपट. एवढ्या अल्प ऊर्जेने स्नायू आकुंचन पावत नाही. त्यामुळे या यंत्राला सर्रास ‘पोटाचा पेसमेकर’ म्हणतात ते चुकीचे आहे. परिणाम कसा होतो याविषयी मतभेद आहेत. जठर लवकर रिकामे होते म्हणून आराम पडतो, हे आरंभीचे मत आता मागे पडले आहे. व्हेगस मज्जातंतूतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना बदलतात, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. फ्रान्समधील १७२ रुग्णांच्या अभ्यासात (२०२०) उलट्या कमी झाल्या, पण जठर रिकामे होण्याचा वेग वाढला नाही. ज्यांचे जठर वेळेवर रिकामे होत होते त्यांनाही लाभ झाला. जीवनाच्या गुणवत्तेत मात्र फरक दिसला नाही. त्याआधी ३३ रुग्णांच्या चाचणीने (२००३) आशा वाढवली होती. मधुमेहींवरील २०१० च्या चाचणीत मात्र यंत्र चालू आणि बंद या टप्प्यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

रुग्णांमधील प्रादेशिक भेदांचा विचार करताना यंत्र कोठे आणि कोणत्या अटींवर मिळते हे आधी पाहावे लागते. अमेरिकेत त्याला २००० मध्ये मानवतावादी सवलतीखाली (थोड्याच रुग्णांना लागणाऱ्या उपकरणांसाठी, परिणामकारकतेचा पूर्ण पुरावा नसतानाही दिली जाणारी) मान्यता मिळाली. अशा उपकरणाने उपचार करायचे तर रुग्णालयाच्या नैतिक समितीची संमती लागते, त्यामुळे रुग्ण मोजक्या विद्यापीठीय केंद्रांभोवती गोळा होतात. ब्रिटनमध्येही २०१४ च्या मार्गदर्शनानुसार ही शस्त्रक्रिया तज्ज्ञ केंद्रांपुरती ठेवलेली आहे. दुसरा भेद कारणांचा. अमेरिकेच्या आग्नेय भागात मधुमेहाचे प्रमाण अधिक असल्याने (२०११ मध्ये १५ राज्यांतील ६४४ काउंटींचा (जिल्ह्यांसारख्या विभागांचा) ‘मधुमेह पट्टा’ आखला गेला) तेथील रुग्णांत मधुमेही जास्त असावेत असे मानण्यास जागा आहे. १४६ रुग्णांच्या नोंदींच्या एका जुन्या मालिकेत (१९९८) मात्र कारण न सापडलेले ३६ टक्के आणि मधुमेही २९ टक्के होते. स्त्रियांचे प्रमाण बहुतेक मालिकांत पुष्कळ जास्त आढळते.

तिसरा भेद सहसा दुर्लक्षित राहतो, पण प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. ‘औषधांना दाद न देणारा’ रुग्ण कोणाला म्हणायचे? अमेरिकेत या विकारासाठी मेटोक्लोप्रमाइड हे एकच मान्यताप्राप्त औषध. २००९ पासून त्यावर अनैच्छिक हालचालींच्या धोक्याचा ठळक इशारा छापला जातो. डोम्पेरिडोन तेथे विशेष परवानगीनेच मिळते, तर भारतात ते नेहमीच्या चिठ्ठीतले औषध आहे. इटोप्राइड व लेव्होसल्पिराइडही येथे दिली जातात. म्हणून ह्यूस्टनचा ‘दाद न देणारा’ रुग्ण आणि बडोद्याचा तसाच रुग्ण यांच्या यादीतील औषधे एक नसतात. दोन्ही देशांचे आकडे शेजारीशेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष म्हणूनच जपून घ्यावा.

निदानाची कसोटीही अशीच निसरडी. किरणोत्सारी खुणेचे अन्न देऊन ४ तासांनी १० टक्क्यांहून अधिक जठरात उरले तर मांद्य मानतात. प्रमाणित जेवण म्हणजे अंड्याचा पांढरा भाग, पावाचे दोन काप आणि जॅम. बडोद्यातील मराठी वस्तीत, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या घरांत, अंडे न खाणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांना दुसरे अन्न दिल्यास स्निग्धांश आणि तंतू बदलतात. मग जुने प्रमाण-आकडे तसेच लावणे योग्य नाही. आहाराचा सल्लाही स्थानिक हवा : तेलकट, तंतुमय सेवउसळ किंवा दाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी या रुग्णांना जड जाते, पेज, मऊ भात, मुगाचे पातळ वरण, थोडे थोडे पण अनेकदा, हे सोसते. तपासणीआधी एंडोस्कोपीने अडथळा नाही याची खात्री करणे अत्यावश्यक असून आपल्याकडे क्षयरोगामुळे किंवा आम्लासारखी जाळणारी द्रव्ये पोटात गेल्यामुळे जठराचा मार्ग अरुंद होतो हे विसरता कामा नये.

लक्षणे मोजण्याच्या प्रश्नावलीत मळमळ, कोरडी ओकारी आणि उलटी यांना वेगवेगळे गुण असतात. मराठीत हे तीन शब्द स्पष्ट आहेत. गुजराती ‘ऊबका’ मात्र पहिल्या दोन्हींसाठी वापरला जातो. गुजरातीत प्रश्न विचारला जाणाऱ्या दवाखान्यात बडोद्याचा मराठी रुग्णही तोच शब्द उचलतो आणि दोन रकाने एक होतात.