मधल्या फळीचा म्होरक्या (फुटबॉल)

फुटबॉल संघाच्या मधल्या फळीत धक्काबुक्की अंगावर घेणारा, हवेतले चेंडू जिंकणारा आणि ओरडून सहकाऱ्यांना जागेवर ठेवणारा खेळाडू. कर्णधाराची पट्टी त्याच्याच दंडावर असते असे नाही.

गोलकीपरने लांब मारलेला किंवा बचावपटूने डोक्याने परतवलेला चेंडू बहुधा मध्यरेषेच्या आसपास पडतो. त्या सुट्या चेंडूवर जो आधी पोचेल, पुढची चाल त्याच्या संघाची. अशा झटापटी हरत गेल्या की बचाव फळी मागे सरकते, आघाडीवाले एकटे पडतात आणि मधे मोकळे रान तयार होते. पॅट्रिक व्हिएराच्या नेतृत्वाखाली आर्सेनलने २००३–०४च्या प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल साखळी स्पर्धेत ३८ पैकी २६ सामने जिंकले, १२ बरोबरीत सोडवले, एकही गमावला नाही. व्हिएरा सव्वासहा फुटांच्या वर. पण उंची हे सारे नव्हे. मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन सहा फूटही नव्हता. एप्रिल १९९९मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत ट्यूरिनला युव्हेंटसने पहिल्या ११ मिनिटांतच दोन गोल चढवले, तेव्हा युनायटेडचा पहिला गोल त्यानेच हेडरवर, म्हणजे डोक्याने, केला. पुढे पिवळे कार्ड मिळाले, अंतिम सामना हुकणार हे ठरले, तरी त्याचा जोर ओसरला नाही. युनायटेड ३–२ जिंकला. फ्रान्सच्या एन्गोलो कांतेसारखा ठेंगणा खेळाडू तर नुसत्या धावेवर आणि अंदाजावर मधली फळी राखतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात ही गरज पावसाळ्यात उघडी पडते. लाल मातीचा चिखल झाला की जमिनीवरून दिलेला पास अर्ध्यात रुततो, चेंडू उचलून मारावा लागतो आणि सामना खांद्याखांद्यावर येतो. उत्तरेला कोल्हापूर, तिथले संघ तालमींच्या नावाने खेळतात, आखाड्याची रग मैदानातही दिसते. पश्चिमेला गोवा, तिथे पायातल्या कसबाचे कौतुक जास्त. बेळगावकर पोराला दोन्हीकडची ओढ. लेले मैदानावर कोणी चेंडू पायात घोळवत बसला, की मागून हाक येते, "काय करालास, सोड की!" ती हाक काठावरच्या प्रेक्षकाची नको, मधल्या फळीतल्याची हवी. शालेय संघांत मात्र दांडग्या पोराला सरळ बचावात उभे करायची खोड दिसते. मधे राहतात ते ड्रिबलिंगचे शौकीन, आणि तेही गप्प.