‘स्वयम्’चे श्रेयांक : वीस टक्के ते चाळीस टक्के

कॅनडातील एका विद्यापीठाने २००८ मध्ये मोजक्या शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर दोन हजारांहून अधिक लोकांना एकच अभ्यासक्रम ऑनलाइन मोफत खुला केला. पुढे २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदवली, पण तो पूर्ण करणारे २३ हजारांच्या आसपासच होते. गळतीची ही चर्चा जगभर झाली. भारतात मात्र अशा खुल्या ऑनलाइन शिक्षणाला पदवीत किती स्थान द्यायचे, हा वाद अधिक महत्त्वाचा ठरला.

भारतात या शिक्षणाची पूर्वतयारी ‘एनपीटेल’ या उपक्रमाने केली होती. आयआयटींच्या प्राध्यापकांची व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित करण्याचे हे काम २००३ मध्ये सुरू झाले आणि २०१४ पासून त्याला प्रमाणपत्रांची जोड मिळाली. दर आठवड्याच्या स्वाध्यायांना २५ गुण, तर केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण, अशी त्याची रचना आहे. नावनोंदणी आणि शिकणे विनामूल्य असले, तरी या परीक्षेला शुल्क आहे. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला साधारणपणे तीन श्रेयांक (पदवीसाठी मोजली जाणारी ‘क्रेडिट्स’) धरले जातात.

‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे राष्ट्रीय व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये औपचारिकपणे सुरू झाले. त्यावरील अभ्यासक्रमांच्या श्रेयांकांची विद्यापीठ अनुदान आयोगाची नियमावली मात्र त्याआधीच, २०१६ मध्ये आली होती. एका सत्रातील वीस टक्क्यांपर्यंत विषय ऑनलाइन घेण्याची मुभा तिने दिली आणि त्यासाठी तीन प्रसंग सांगितले : विद्यार्थ्याला हवा असलेला ऐच्छिक विषय महाविद्यालयात नसणे, ऑनलाइन अभ्यासक्रम वर्गातील अध्यापनाला पूरक ठरणे, आणि विभागात योग्य अध्यापक उपलब्ध नसणे. पहिल्या दोन प्रसंगांबद्दल कोणाचीच तक्रार असू नये. लहान गावातल्या विद्यार्थिनीला आपल्या महाविद्यालयात नसलेला विषय नामवंत प्राध्यापकांकडून शिकता यावा, यातच या चळवळीचे मोठेपण आहे. तिसऱ्या प्रसंगाने मात्र रिक्त पद ही भरून काढण्याची उणीव न राहता ऑनलाइन पर्यायाचे अधिकृत कारण बनते. महाराष्ट्रात अनेक महाविद्यालयांचा गाडा तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या जिवावर चालतो. तिथे या तरतुदीकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविकच आहे.

करोनाकाळात सगळेच वर्ग पडद्यावर गेले. पाठोपाठ २०२१ च्या नियमावलीने ही मर्यादा चाळीस टक्क्यांवर नेली. समर्थकांनी याला विद्यार्थ्यांचे स्वातंत्र्य म्हटले आणि त्यात तथ्य आहेच. पण जिथे निवड विद्यार्थ्याऐवजी विभागच करतो, तिथे हे स्वातंत्र्य कागदावरच राहते.

भाषेचा अडसर तर आरंभापासूनच आहे. काही व्याख्यानांना मराठी उपशीर्षके मिळाली असली, तरी बहुतांश अध्यापन इंग्रजीत होते. मराठी माध्यमातून कला शाखेत आलेल्या विद्यार्थ्याला व्याख्यान थांबवून पुन्हा ऐकता येते, मात्र अडलेली शंका त्याला चर्चामंचावर बहुधा इंग्रजीतच लिहावी लागते.