एचडी टीव्ही : पडद्याचे रिझोल्यूशन आणि संचाची निवड

टीव्हीच्या पडद्यावरचे चित्र आडव्या-उभ्या रांगांत बसवलेल्या बारीक बिंदूंचे, म्हणजे पिक्सेलचे, बनलेले असते. पडद्यावर असे किती पिक्सेल आहेत, हे सांगणारे माप म्हणजे रिझोल्यूशन. १२८० × ७२० किंवा त्याहून अधिक पिक्सेलच्या चित्राला एचडी म्हणतात. १९२० × १०८० म्हणजे फुल एचडी आणि ३८४० × २१६० म्हणजे अल्ट्रा एचडी, दुकानातल्या भाषेत फोरके. फुल एचडीत सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, फोरकेत त्याच्या बरोबर चौपट. ‘एचडी रेडी’ म्हणून मिळणारे ३२ इंची संच बहुधा १३६६ × ७६८ चे असतात. इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप असून त्याचा पिक्सेलच्या संख्येशी संबंध नाही. ३२ इंची आणि ४३ इंची फुल एचडी संचांत पिक्सेल सारखेच असतात, ४३ इंचीत ते आकाराने मोठे असतात एवढेच.

भारतात १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते ६२५ रेषांच्या पाल पद्धतीचे. त्यातल्या ५७६ रेषा चित्राच्या असत. सेमिनरी हिल्सवरच्या दूरदर्शन केंद्राकडे अँटेना वळवून नागपूरकरांनी वर्षानुवर्षे हेच चित्र पाहिले. त्याचे डिजिटल रूप ७२० × ५७६, म्हणजे जेमतेम ४.१ लाख पिक्सेल, आणि आजच्या एसडी, म्हणजे साध्या दर्जाच्या, वाहिन्या याच मापाच्या आहेत. केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात नागपूरचा समावेश होता व त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. तेव्हा घरोघरी सेट टॉप बॉक्स आले, पण डिजिटल म्हणजे एचडी नव्हे. साध्या बॉक्समधून आलेले एसडी चित्र फोरके पडद्यावर ताणले की ते जुन्या छोट्या संचापेक्षाही वाईट दिसते, कारण त्यातला प्रत्येक दोष मोठा होऊन समोर येतो.

निवडीची सुरुवात पिक्सेलपासून नव्हे, तर सोफा आणि भिंत यांच्यातल्या अंतरापासून करावी. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यामध्ये अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन लागतो. ठिपक्यांची रांगोळी जवळून ठिपक्यांची दिसते आणि फाटकातून पाहिली की सलग नक्षी होते, ते याच मर्यादेमुळे. तिच्यावरून एक सोपा हिशेब निघतो. बसण्याचे अंतर फुटांत मोजून त्याला साडेसातने गुणले, तर जेवढे इंच येतील तेवढ्या आकारापर्यंत फुल एचडीचे पिक्सेल वेगळे दिसत नाहीत. एचडी रेडीसाठी साडेपाचने गुणावे, फोरकेसाठी पंधराने. आठ फुटांवर बसणाऱ्याला ६० इंचांपर्यंत फुल एचडी पुरते. सहा फुटांवर ३२ इंची एचडी रेडीही चालतो. त्याला हिणवण्याचे कारण नाही. ४३ इंची पडद्यावर फोरकेचा फायदा डोळ्याला जाणवायचा तर साधारण पावणेसहा फुटांच्या आत बसावे लागते. नागपुरातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दिवाण भिंतीला टेकवला की अंतर बहुधा आठ ते दहा फूट भरते. तिथे ४३ इंचीत केवळ पिक्सेलसाठी जास्त पैसे मोजणे व्यर्थ आहे. तीक्ष्ण नजरेच्या तरुणांना थोडा अधिक फरक दिसतो. शिवाय संगणक जोडून अक्षरे वाचायची असतील तर माणूस जवळ बसतो आणि हिशेब बदलतो. मोठ्या आकारांत बाजारात जवळपास सगळे संच फोरकेच मिळतात, त्यामुळे ५५ इंची घेणाऱ्याला हा प्रश्न उरत नाही.

दुसरी बाब येणाऱ्या चित्राची. भारतातल्या एचडी वाहिन्या साधारणपणे १०८०आय स्वरूपात येतात: आधी विषम रेषांचे अर्धे चित्र, मग सम रेषांचे, अशी सेकंदाला ५० अर्धी चित्रे. टीव्ही ती जुळवून पूर्ण चित्र करतो. फोरके पडद्यावर फुल एचडीचा प्रत्येक पिक्सेल दोन्ही दिशांना दुप्पट होऊन बरोबर बसतो, ७२०चा तिप्पट. १३६६ × ७६८ वर मात्र यांपैकी कोणतेच चित्र पूर्ण पटीत बसत नाही, म्हणून कडा किंचित मऊ होतात. मुख्य मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एसडी आणि एचडी आवृत्त्या वेगळ्या असतात व पैसेही वेगळे लागतात. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१७ च्या दर आदेशात वाहिन्या मोजताना एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांइतकी धरली आहे. एचडीचे पैसे भरूनही बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरने जोडलेला असेल, तर पिवळ्या वायरीतून एसडी चित्रच जाते. एचडीएमआय केबल लावावी आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय निवडावे. नवीन टीव्ही घेण्याआधी हे करून पाहावेच. ओटीटीचे, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राचे, गणित निराळे. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि फोरकेसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवते, आणि फोरके चित्र त्याच्या सर्वात महागड्या प्लॅनमध्येच मिळते.

हलत्या चित्रात पिक्सेलइतकाच वेळही महत्त्वाचा. जामठ्याच्या मैदानावर ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पाऊण मीटरहून थोडा पुढे जातो. पडदा चित्र बदलायला मंद असेल तर आठ दशलक्ष पिक्सेलमधूनही त्या चेंडूची शेपटीच दिसणार. क्रिकेटसाठी टीव्ही घेणाऱ्याने रिझोल्यूशनच्या आधी पॅनेलचा, म्हणजे प्रत्यक्ष पडद्याचा, रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलते ते) विचारावा.

नागपूरची हवा या निवडीत मोठा भाग घेते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि अनेक संचांच्या माहितीपत्रकात वापरासाठी कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस दिलेले असते. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, पश्चिमेच्या भिंतीवर किंवा बंद कोनाड्यात संच बसवू नये. मागे हवा खेळायला जागा ठेवावी. खिडकीतल्या कूलरचा ओला झोत थेट पडद्यावर किंवा मागच्या जोडण्यांवर येणार नाही अशी भिंत निवडावी. भर उन्हाळ्यात दुपारी पडदे ओढून खोली अंधारी ठेवली जाते, तेव्हा गडद काळा दाखवणारे व्हीए पॅनेल उठून दिसते. पण घरातली चार माणसे कोपऱ्यांत, खाली गादीवर, बाजूच्या खुर्चीवर अशी पांगून बसत असतील तर आयपीएस बरे, कारण तिरके पाहिले तरी त्याचे रंग फारसे फिके पडत नाहीत. पावसाळ्यात जोराच्या सरीत डिशचे चित्र अडकते तो दोष टीव्हीचा नसतो. वादळाची चिन्हे दिसली की विजा कडाडू लागण्याआधीच प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवावीत.

बर्डी, सदर किंवा धरमपेठेतल्या शोरूममध्ये भिंतीभर संचांवर एकच झगमगीत फोरके फीत फिरत असते, तीही सर्वात भडक मोडवर. त्यावरून घरचे चित्र कळत नाही. घरी मोजलेल्या अंतरावर उभे राहावे, मोड ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’वर आणायला सांगावे आणि रोज पाहतो ती वाहिनी लावून मागावी. खोक्यावर ‘फोरके सपोर्ट’ लिहिले असले तरी पॅनेल १३६६ × ७६८ चे असू शकते. फोरके चित्र आत घेऊन ते लहान करून दाखवणे एवढाच त्याचा अर्थ असतो. म्हणून ‘पॅनेल रिझोल्यूशन’ची ओळ वाचावी. एचडीआरचे, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक अधिक ठळक दाखवणाऱ्या सोयीचेही तसेच: २५०-३५० निट (उजेडाचे एकक) उजेडाच्या स्वस्त पॅनेलवर ते नावापुरतेच उरते. दहा फुटांवरून दोन संचांत जो फरक खरोखर दिसतो तो बहुतेकदा उजेडाचा आणि रंगांचा असतो.

करामुळे ३२ इंच ही बरीच वर्षे एक सीमा होती. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्यांवर २८ टक्के जीएसटी लागत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या संचांवरचा करही १८ टक्के झाला आहे, तेव्हा आता ३२ की ४३ हे खोलीच्या मापावरून ठरवता येते.